दार उघडत नाही, कमोडचं पाणी हलतं

प्रश्न : आमचा फ्लॅट मीरा रोडला चौदाव्या मजल्यावर आहे. पावसाळी वारा सुटला आणि बाल्कनीचं स्लायडिंग उघडं राहिलं, तर मुख्य दार बाहेरून ढकलताना जोर लावावा लागतो. कमोडमधलं पाणीही खालीवर होतं. श्रीवर्धनच्या सासूबाई म्हणतात, वादळात एक दार उघडं ठेवावं, नाहीतर छप्पर जातं. खरं आहे का?

उत्तर : तुमची बाल्कनी पश्चिमेला किंवा दक्षिणेला असणार, तुम्ही लिहिलं नसलं तरी. वारा ज्या भिंतीवर आदळतो तिथे हवेचा दाब वाढतो. बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर तो घटतो. घरात यांपैकी कोणता दाब शिरणार, ते कुठली खिडकी उघडी आहे त्यावर ठरतं. वाऱ्याच्या तोंडावरचं स्लायडिंग उघडं राहिलं की अख्ख्या फ्लॅटचा दाब चढतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण सहा किलोचा रेटा देतो. तुमचं दार जेमतेम दोन चौरस मीटरचं, म्हणजे आतून दहा-बारा किलोचा जोर. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट! उलट बाल्कनी बंद ठेवून मागच्या बाजूची खिडकी उघडलीत, तर कडी काढताच दार आत झेपावेल. बोटं सांभाळा.

कमोडचं कारण गच्चीवर आहे. सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड तिथे उघडं असतं. त्यावरून झोत गेला की पाइपातली हवा ओढली जाते आणि ट्रॅपमधलं, म्हणजे कमोडच्या वाकड्या नळीत साठलेलं, पाणी हलतं. घाबरू नका. वापरात नसलेल्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीच्या जाळीखालच्या भांड्यात) मात्र अधूनमधून तांब्याभर पाणी ओता. तिथलं पाणी सुकलं की वास येतो.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं. दार कुठल्या बाजूचं? वाऱ्याकडचं उघडं राहिलं तर पत्र्यांना खालून रेटा आणि वरून ओढ, दोन्ही एकदम लागतात. इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरायचा ते सांगणाऱ्या भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात अशा मोठ्या उघड्या जागेसाठी आतल्या दाबाचा गुणांक, म्हणजे वाऱ्याच्या रेट्याचा किती हिस्सा आत धरायचा तो आकडा, ०.२ ऐवजी ०.७ धरायला सांगितलंय. म्हणून कुठलीही शेड बघायला गेलो की मी आधी शटरचं तोंड कुठे आहे ते विचारतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धनकरांना पत्रे कसे उडतात ते दाखवलंच आहे. दारं-खिडक्या लावूनच घ्या. फट ठेवायचीच तर आडोशाच्या बाजूला, आणि वारा दिशा बदलतो याचं भान ठेवून. मुख्य म्हणजे छपराच्या कडेचे, कोपऱ्यांतले हुक आणि नट मे महिन्यातच आवळून घ्या. ओढ सर्वांत जास्त तिथेच असते.