छोट्या म्युझियममध्ये काम करायला म्युझिऑलॉजीचा डिप्लोमा लागतोच का, की अनुभव आणि शॉर्ट ट्रेनिंग पुरतं?

तुम्ही लिहिलंय की बीए इतिहास करून एका ट्रस्टच्या छोट्या संग्रहालयात लागलाय, तिघांचा स्टाफ आहे, आणि आता डिप्लोमाला वर्ष घालवावं की दोन-चार दिवसांच्या वर्कशॉपवर भागेल. डिप्लोमाचं शेवटी सांगते. पण "अनुभव पुरतो का" हे जे विचारलंत ना, त्यावर मला बोलायचंच आहे. नाही पुरत. माझ्या गाठीला चार वर्षांचा अनुभव होता तेव्हा मी आमच्या संग्रहाचं सगळ्यात मोठं नुकसान करून ठेवलं.

मी गिरणगावात काम करते. संस्थेचं नाव टाकत नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक पोटमाळा, एवढा आमचा पसारा. धोटे (मागावर आडवा धागा नेणारे), बॉबिनी, पितळी बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, खाणावळवाल्या बायकांच्या हिशेबाच्या वह्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, मग एकेक गिरणी बंद होत गेली, चाळींच्या जागी टॉवर यायला लागले आणि घर रिकामं करताना ट्रंकेच्या तळाशी जे निघेल ते लोक आमच्याकडे आणून द्यायला लागले. मी मुळात वाचनालयाची क्लार्क. वरच्या खोल्यांची चावी माझ्याकडे असायची म्हणून वस्तूही माझ्याकडे आल्या. बहुतेक छोट्या संस्थांत असंच होतं, ज्याच्याकडे चावी तो क्युरेटर.

२०११ चा पावसाळा. जून संपता संपता पोटमाळ्यावरच्या फायलींना कुबट वास यायला लागला. त्यात ३७ बदली कार्डं होती. बदली म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी लागणारा माणूस, रोज पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, मुकादमाने घेतलं तर काम नाहीतर घरी परत. ती कार्डं मऊ पडली होती, कोपरे दुमडले होते. मला वाटलं ही वाचवली पाहिजेत, म्हणून मी ती पिशवीत घालून नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेली आणि लॅमिनेट करून आणली. दहा रुपयाला एक, ३७० रुपये झाले. आमच्या कोषाध्यक्षांनी पैसे लगेच दिले, व्हाउचरवर सहीसुद्धा नंतर केली. कमिटीच्या मीटिंगमध्ये माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. मला फार बरं वाटलं होतं, घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं.

त्यातलं एक कार्ड साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, काम केलेल्या एका काकांनी दिलेलं, त्यांच्या वडिलांचं. पाटण तालुक्यातून मुंबईला आलेला माणूस, सही येत नव्हती, म्हणून सहीच्या जागी जांभळ्या शाईचा अंगठा. रेषा न् रेषा मोजता येत होती, मधोमध एक आडवा व्रण होता, तो पण उमटलेला. काका म्हणायचे तो धोटा लागून झालेला. माणसाचा फोटो नव्हता घरात, एकही. तो अंगठा तेवढा होता.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर काका नातवाला दाखवायला घेऊन आले. मी कार्ड काढलं आणि माझ्याच पोटात गोळा आला. प्लॅस्टिकच्या एका कडेला पांढरा पापुद्रा सुटलेला, आत कागद लाटेसारखा झालेला, तपकिरी ठिपके, आणि अंगठ्याच्या रेषा पसरून नुसता जांभळा डाग. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, हा माझ्या बाचा अंगठा हाय. ह्याला काय झालं?" मी म्हटलं हवेनं झालं असेल काका. मला तेव्हा खरंच तेवढंच माहीत होतं. त्यांनी काही म्हटलं नाही, नातवाला म्हणाले चल. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

आता ट्रेनिंगचं. शहरातल्या मोठ्या संग्रहालयात कागद जतनाची पाच दिवसांची कार्यशाळा होती, आमच्या ट्रस्टला एका माणसाचं निमंत्रण आलं होतं. लॅमिनेशनच्या आदल्या वर्षी! गेले कोण तर सहचिटणीस. चांगले गृहस्थ आहेत, पण त्यांनी आयुष्यात आमचं कपाट उघडलेलं नाही. सर्टिफिकेट आणलं, ते फ्रेम करून ऑफिसात लावलं, अजून आहे. त्यांनी परत येऊन मला नुसतं एवढं जरी सांगितलं असतं की लॅमिनेशन करू नका, तर पुढचं काहीच झालं नसतं. त्यांचाही दोष किती धरणार, त्यांना तरी कुठे माहीत होतं की खाली मी काय करणार आहे.

काका येऊन गेल्यावर पुन्हा तसं निमंत्रण आलं तेव्हा मी कोषाध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "झाडलोट आणि रजिस्टर, त्याला ट्रेनिंग कशाला? आणि शिकवलं की तुम्ही लोक दुसरीकडे जाता." हे वाक्य माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेलेलं नाही. मी माझी रजा टाकली, फी माझी भरली आणि गेले. ते कार्डही बरोबर नेलं.

तिथल्या मॅडमनी कार्ड हातात घेतलं, टेबल लॅम्प आडवा करून तिरक्या उजेडात धरलं आणि विचारलं, कोणी केलं? मी म्हटलं मी. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की दुकानातलं लॅमिनेशन म्हणजे पाकीट नव्हे, त्या प्लॅस्टिकला आतून गोंदाचा थर असतो, मशीनच्या उष्णतेनं तो वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो. कागद ओलसर असताना केलं तर ती ओल आतच अडकते. सोडवायचं तर गोंद विरघळवणारं सॉल्व्हंट लागतं आणि सॉल्व्हंटनं ही जांभळी शाई उरलीसुरली पण निघून जाईल. म्हणजे करण्यासारखं काही नाही, आहे तसं ठेवा, अंधारात आणि कोरड्यात. मग त्यांनी पॉलिएस्टरच्या पारदर्शक शीटचं कव्हर करून दाखवलं, कागद दोन शीटमध्ये नुसता सैल ठेवायचा, चिकटवायचं काहीच नाही, कधीही बाहेर काढता येतो. पाच मिनिटांत मला करता आलं.

त्यांनी अजून एक सांगितलं. वस्तूला काय केलं, कधी केलं, कोणी केलं हे रजिस्टरमध्ये लिहायचं, चुकलेलं असेल तरी. कारण २० वर्षांनी जो माणूस ते कार्ड हातात घेईल त्याला कळलं पाहिजे की हे डाग गिरणीतले नाहीत, आपण पाडलेत.

मी परत येऊन रजिस्टरमध्ये "उपचार" असा कॉलम आखला आणि ३७ नोंदींपुढे लिहिलं, लॅमिनेशन, जुलै २०११, आणि माझं नाव. कोषाध्यक्ष भडकले. म्हणाले, देणगीदार रजिस्टर बघतात, संस्थेची अब्रू जाईल, खोडायचा पांढरा रंग लावा त्याला. मी नाही लावला. दोन मीटिंगा यावर गेल्या, बोलणं बंद झालं, माझी पगारवाढ एक वर्ष राहिली. पण कॉलम राहिला.

तर माझं मत सरळ आहे. ट्रेनिंग त्याला द्या ज्याचा हात वस्तूला लागतो. पदाधिकाऱ्यांना पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, पण दुसऱ्या सीटवर. पगारी दिवस धरून पाठवा, रजा खाऊन नाही. आणि परत आलेल्या माणसाला एक दुपार द्या, शिपायासकट सगळ्यांना बसवून शिकलेलं सांगायला. "शिकून निघून जातील" म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते, न शिकता इथेच राहिले तर काय करतील? मी राहिले होते ना न शिकता.

मोठ्यांची कामं आहेत ही, आपल्याला झेपणार नाहीत, असंही ऐकाल. अजिबात ऐकू नका. अमेरिकेत गावोगावच्या छोट्या इतिहास संस्थांसाठी त्यांच्या देशव्यापी असोसिएशननं २००९ मध्ये स्टेप्स म्हणून स्वतः शिकत जायचा कार्यक्रम सुरू केला, तो स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्थासुद्धा आपल्या वेगानं करतात. आपल्या इथे वापरता येईल असं तर इक्रॉमचं रिऑर्ग आहे, इक्रॉम म्हणजे वारसा जतनाचं काम करणारी रोमची संस्था, आणि रिऑर्ग म्हणजे छोट्या संग्रहालयांचं स्टोअर लावायची पद्धत, मॅन्युअल फुकट मिळतं. त्यातले दोन नियम मी कपाटाच्या दारावर मराठीत लिहून चिकटवलेत, कुठलीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे, आणि ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवायला लागता कामा नयेत. आमच्याकडे संपाच्या मोर्च्याचा एक फोटो शोधायला मला दोन दिवस लागले होते, तो बघायला आलेली बाई बिचारी दोनदा येऊन गेली. आता घड्याळ लावून बघते. कॅनडाच्या जतन संस्थेची वस्तू खराब करणाऱ्या दहा कारणांची यादी पण नेटवर फुकट आहे, ती आधी वाचा.

मुंबईपुरतं म्हणाल तर आधी दमटपणा शिका, बाकी सगळं नंतर. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. साधं आर्द्रतामापक घ्या, रोज दोनदा वहीत लिहा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे वीतभर जागा सोडा. खालचा कप्पा रिकामा ठेवा, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्यांचं काय झालं ते आठवा. वहीला कसर लागली तर डांबरगोळ्या टाकत बसू नका, वही हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे २० ला दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी वहीवर बसतं. खाणावळीच्या चार वह्या अशा वाचल्यात.

धोटे-बिल्ल्यांवर बॉलपेननं नंबर टाकू नका आणि स्टिकर तर नकोच. पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक ॲक्रिलिक रेझिन) चा पातळ थर, त्यावर शाईनं बारीक नंबर, त्यावर पुन्हा थर, ॲसिटोननं कधीही निघतो. कागदावर फक्त शिसपेन्सिल. आणि वस्तू घेताना देणगीपत्रावर सही घ्या, भावाभावांत वाद झाला की तुमच्या दारात येतात.

आता डिप्लोमा. मुंबईतच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा म्युझिऑलॉजीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात तर १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा विभाग आहे. मोठ्या ठिकाणी पुढे जायचं असेल तर करा, कागद लागतोच. याच नोकरीत राहणार असाल तर आधी कागद जतनाची एखादी कार्यशाळा करा आणि डिप्लोमाचा विचार वर्षभरानं करा, तोपर्यंत आपल्याला काय येत नाही ते तरी कळलेलं असेल. फी आणि प्रवेशाचं तिथेच विचारा, दरवर्षी बदलतं. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मात्र एकदा सबंध दिवस काढा, १८७२ पासूनचं आहे, लेबलं कशी लिहिलीत, काचेच्या कपाटात वस्तू कशी टेकवली आहे ते बघा. बघूनही बरंच शिकता येतं.

एक राहिलं. फ्रीझरचं मी जे सांगितलं ते फक्त साध्या कागदी वह्यांना. फोटो, काचेच्या निगेटिव्ह, रंगवलेलं लाकूड असलं काही घालू नका, आधी जाणकाराला विचारा. बुरशी ब्रशनं काढताना मास्क लावा आणि खोलीतला पंखा बंद ठेवा. आणि मी डिप्लोमावाली नाही, हे धरून माझं घ्या.

कोषाध्यक्ष २०१९ मध्ये पायउतार झाले. नव्या कमिटीनं वर्षाला दोघांच्या ट्रेनिंगची रक्कम बजेटमध्ये धरली, थोडीच आहे पण धरली. मागच्या वर्षी आमची शिपाई मुलगी पाच दिवस जाऊन आली. परत आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं रजिस्टरच्या त्याच कॉलममध्ये तिच्या हाताखालून गेलेल्या एका पगारचिठ्ठीपुढे लिहिलं, "घडी उलगडताना कोपरा फाटला," खाली तारीख आणि तिचं नाव. मला दाखवायला आणलं तेव्हा घाबरली होती. मी तिच्या नावाखाली माझी सही केली आणि फाटलेला तुकडा वेगळ्या पाकिटात ठेवायला दिला.