युरोपा युनिव्हर्सालिस 4 या देश चालवण्याच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये 1650 सालानंतर कंटाळा येतो. शेवटपर्यंत रंगत टिकवायला काय करावं?

गेम 1444 ते 1821 चालतो, पण निकाल बहुतेकदा 1600 च्या आगेमागेच लागलेला असतो. पुढे हरण्याची भीती संपते आणि हमाली तेवढी वाढत जाते. त्यामुळे इलाजही दोन लागतात: समोर तगडा विरोधक हवा आणि क्लिक कमी हवेत.

विरोधकाची सोय नवीन गेम सुरू करतानाच करायची. डिफिकल्टी व्हेरी हार्ड आणि लकी नेशन्स (निवडक देशांना जादा बळ देणारं सेटिंग) हिस्टॉरिकल ठेवा. म्हणजे ऑटोमन, फ्रान्स वगैरे मंडळी तुमच्याबरोबर वाढत राहतात. मग त्यांच्याशीच दोनशे वर्षं युती करून बसू नका. बहुतेकांचा लेट गेम इथेच मरतो, कारण खरा प्रतिस्पर्धी मित्र म्हणून बाजूला बसलेला असतो. 1600 च्या सुमारास ती युती मोडा.

दुसरं म्हणजे कोअॅलिशनला, म्हणजे तुमच्याविरुद्ध एकत्र येणाऱ्या देशांच्या आघाडीला, घाबरणं सोडा. एखाद्या देशाच्या मनात तुमच्याबद्दलचं अॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन (मुलूख बळकावल्यामुळे साचणारा राग) 50 च्या वर गेलं की तो कोअॅलिशनमध्ये शिरू शकतो, म्हणून सगळे 49 वर हात आखडतात. सुरुवातीला ते शहाणपणाचंच. 1650 नंतर मात्र ती मर्यादा मुद्दाम ओलांडा. मॅनपॉवर (भरतीसाठी उरलेली माणसं) खरोखर संपवणारी लढाई उशिरा फक्त कोअॅलिशनच देते.

आता हमाली. बंडखोरांच्या मागे स्वतः धावू नका. एका छोट्या फौजेला बंड मोडायचं मिशन नेमून द्या. नवा मुलूख थेट पोटात घालण्याऐवजी व्हॅसलला (मांडलिक राज्याला) द्या, म्हणजे कोअरिंग (नवा मुलूख कायमचा आपलासा करणं) आणि तिथली बंडं त्याच्या गळ्यात. मुख्य फौज शेवटी कॉम्बॅट विड्थ (एका वेळी एका रांगेत लढू शकणाऱ्या रेजिमेंट) 40 धरून बांधा: पुढे 40 रेजिमेंट पायदळ (त्यातच थोडं घोडदळ), मागे 40 तोफा. या 80 रेजिमेंट एकाच प्रांतात उभ्या केल्या तर सप्लाय लिमिट (प्रांत पोसू शकेल एवढी फौज) ओलांडून अॅट्रिशन, म्हणजे लढाईविना होणारी घट, फौज खात बसतं. म्हणून दोन तुकड्या शेजारशेजारच्या प्रांतांत ठेवा आणि लढाईच्या वेळीच एकत्र आणा. पायदळाची तिसरी तुकडी थोडी मागे ठेवून काही दिवसांनी लढाईत घाला. पहिल्याच दिवशी घातलीत तर राखीव बसूनही तिचं मोराल (मनोबल) झिजतं.

एवढं करूनही 1821 गाठलंच पाहिजे असं नाही. तारीख असलेलं ध्येय ठेवा. मराठी संस्कृतीचं राज्य घेऊन मराठे फॉर्म करा आणि 1758 पर्यंत अटकेपार झेंडा न्या. रघुनाथरावांच्या मोहिमेत मराठे अटकेला पोचले ते त्याच वर्षी. नियम दोन: उपखंडाबाहेर एकही प्रांत घ्यायचा नाही, आणि तारीख उलटली की सेव्ह बंद. "सगळं जग" या ध्येयात उरलेले प्रांत मोजण्यापलीकडे काही नसतं, असं माझं स्पष्ट मत.

हे स्वतःवर लादून घेणं जमत नसेल तर टोटल वॉर: शोगुन 2 हा जपानमधल्या घराण्यांच्या लढायांचा गेम बघा. तिथे तुमची कीर्ती शिगेला पोचली किंवा राजधानी क्योतो घेतलं की रेल्म डिव्हाइड हा टप्पा लागतो आणि जवळजवळ सगळी घराणी तुमच्यावर उलटतात. नवखे इथे पैशामुळे बुडतात: व्यापार करार पटापट तुटतात, पण फौजेचा खर्च तसाच राहतो. त्या टप्प्याआधी शेती आणि बाजार वाढवून घ्या, खजिना भरून ठेवा आणि मगच क्योतोकडे वळा.