नाशिकमध्ये एफएसआय वाढला, मग फ्लॅट स्वस्त का झाले नाहीत?

तुमचं म्हणणं असं की राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, वाढला, त्यानंतर गंगापूर रोडला उंच इमारती उभ्या राहिल्या, म्हणजे घरं वाढली, मग भाव उतरायचे सोडून चढले कसे? आणि घ्यायचं थांबावं का?

मी कॉलेज रोडवरच्या एका आर्किटेक्टकडे बरीच वर्षं सबमिशनचे, म्हणजे महापालिकेच्या मंजुरीसाठीचे नकाशे काढले. नवा प्लॉट आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला : समोरचा रस्ता किती मीटर? कारण ‘एफएसआय वाढला’ हे सगळ्या नाशिकसाठी खरं नाही. जुनं गावठाण सोडलं तर मूळ एफएसआय 1.1 च. रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर वर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. 9 मीटर असेल तर दोन्ही धरून 2 पर्यंत जाता येतं, 12 मीटरला 2.25, आणि 30 मीटर किंवा जास्त असेल तर 3. जिना, बाल्कनी वगैरेंसाठी यावर 60 टक्के अँसिलरी, म्हणजे पूरक एफएसआय मिळतो, तोही पैसे भरून.

आता 500 चौरस मीटरचा प्लॉट घ्या. साडेसात मीटरच्या गल्लीत असेल तर अँसिलरीसह 880 चौरस मीटर बांधकाम, 9 मीटरवर 1600. फरक दीड मीटर रस्त्याचा. इंदिरानगर, गोविंदनगरच्या आतल्या जुन्या लेआउटमध्ये सहा आणि साडेसात मीटरचे रस्ते किती आहेत ते एकदा फिरून बघा. म्हणून तर लोक प्लॉटची पट्टी सोडून रस्ता 9 मीटर करून घ्यायला धडपडतात.

2015-16 च्या सुमाराचं ‘कपाट’ प्रकरण ऐकलं असेल. कपाट, म्हणजे खोलीच्या भिंतीबाहेर काढलेला कोनाडा, एफएसआयमध्ये मोजलं जात नव्हतं, म्हणून ते खोलीत मिसळून खोली मोठी करायची, हा सर्रास रिवाज होता. पुढे ते मोजायचं ठरलं आणि तयार इमारतींचे बांधकाम पूर्णत्वाचे दाखले अडकले. अरुंद रस्त्यावर टीडीआर चालत नसल्यानं जादा क्षेत्र नियमात बसवायलाही वाट नव्हती. बँकेचा हप्ता आणि घरभाडं एकदमच भरणारी माणसं तेव्हा आमच्या ऑफिसात येऊन बसत.

रुंद रस्त्यावर तरी स्वस्त का नाही? कारण जमीनमालकालाही गणित येतं. तीन एफएसआय मिळणार हे कळल्यादिवशी तो भाव वाढवतो, बिल्डर पाया खणायच्या आधीच. शिवाय प्रीमियम एफएसआय रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) जमीनदराच्या 35 टक्क्यांनी विकत घ्यावा लागतो. दर 20,000 रुपये चौरस मीटर धरला तर 7,000, म्हणजे चौरस फुटाला साधारण 650. हे तुमच्याच खिशातून जातं. टीडीआरही बाजारातून घ्यायचा. आणि इमारतीची उंची 15 मीटरच्या वर गेली की बाजूचं अंतर उंचीच्या एक पंचमांश सोडावं लागतं, त्यामुळे अरुंद प्लॉटवर कागदावरचा एफएसआय बसतच नाही. आम्ही कितीदा नकाशा फाडून परत काढलाय.

आणखी एक, एफएसआय चौरस मीटर मोजतो, घरं नाही. महागड्या जमिनीवर त्याच क्षेत्रात तीन बीएचके काढणं बिल्डरला परवडतं, म्हणून तेच निघतात. छोटी घरं यावीत म्हणून 4000 चौरस मीटर किंवा मोठ्या प्रकल्पात 20 टक्के घरं दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची अट आहे. प्लॉटचे तुकडे 4000 च्या आत कसे बसतात, हा मात्र स्वतंत्र चमत्कार!

म्हणून घनता वाढवू नये असं मी म्हणणार नाही. ती नसती तर कॉलेज रोडला आज याहून कमी घरं आणि याहून जास्त भाव असता. पण दर खाली ओढायचा तर जमीन वाढली पाहिजे, म्हणजे म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी फाट्याच्या पलीकडे पाणी, गटार आणि 12 मीटरचे रस्ते आधी गेले पाहिजेत.

तेव्हा ‘एफएसआय अजून वाढेल, मग स्वस्त मिळेल’ या आशेवर थांबू नका. बजेट कमी असेल तर या कडेच्या भागांत बघा, आणि मंजूर नकाशा मागून त्यावरची रस्त्याची रुंदी आधी वाचा. सेल्समन स्विमिंग पूल दाखवत असेल, तेव्हाही.