जुन्या लिनक्सवर टाइमझोन बरोबर टाकूनही घड्याळ साडेपाच तास मागे का?

तुमच्या मशीनवर २००२ सालचं लिनक्स आहे, टीझेडमध्ये, म्हणजे टाइमझोन ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, एशिया/कोलकाता घातलंत, तरी घड्याळ साडेपाच तास मागे आणि एरर कुठेच नाही. आधी डेट कमांड चालवून वेळेच्या पुढे काय छापून येतं ते बघा. आयएसटीऐवजी नुसतं ‘एशिया’ दिसलं, तर दुखणं सापडलं.

टाइमझोनच्या यादीत कोलकाता हे नाव २००८ साली आलं. त्याआधी तिथे कलकत्ता होतं. तुमच्या मशीनवर कोलकाता नावाची फाइलच नाही, आणि फाइल मिळाली नाही की जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी, वेळेचा हिशोब तीच करते) मुकाट्याने यूटीसी, म्हणजे ग्रिनिचची वेळ, धरून चालते. मला हे आजही खटकतं. नाव चुकलं तर तिने तिथेच अडवायला हवं.

म्हणून एशिया/कलकत्ता लिहा. पण प्रोफाइलमध्ये लिहून थांबू नका, ते फक्त लॉगिन करणाऱ्याला लागू होतं. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन बघतो ती इटीसी फोल्डरमधली लोकलटाइम फाइल. यूएसआरखालच्या झोनइन्फो फोल्डरमधली कलकत्त्याची फाइल तिच्या जागी कॉपी करा. लिंक नको, कारण यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर असेल तर बूट होताना ती सापडत नाही. मग क्रॉन, नोंदी ठेवणारा सिसलॉग आणि तुमचं सॉफ्टवेअर रीस्टार्ट करा. चालू प्रोग्राम जुनाच झोन धरून बसतात. आणि कृपा करून तोवर हाताने वेळ पुढे करू नका, झोन सुधारला की घड्याळ साडेपाच तास पुढे पळेल.

कलकत्त्याचीही फाइल नसेल, तर टीझेडमध्ये आयएसटी, त्याला लागून उणे चिन्ह आणि मग ५:३० लिहा. आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे एवढं पुरतं. हो, उणेच! आपण ग्रिनिचच्या पुढे म्हणून हात अधिककडे जातो, पण पॉझिक्स या युनिक्स-लिनक्सच्या मानकात पूर्वेकडच्यांना उणे लागतं.

मी इंदूरला अशी जुनी मशीनं सांभाळतो. सियागंजातल्या एका किराण्याच्या पेढीवर साडेपाच तासांची चूक बरेच महिने कुणाला कळलीच नव्हती, कारण तारीख पहाटे साडेपाचला बदलायची आणि तेव्हा शटर बंद. मग कुणीतरी दुरुस्ती म्हणून अधिक टाकलं आणि घड्याळ थेट अकरा तास मागे गेलं. मी सकाळी १०:४० ला डेट चालवली, तर स्क्रीनवर २३:४०, आदल्या दिवसाचे. पेढी दहाला उघडायची, म्हणजे अकरापर्यंतच्या प्रत्येक बिलावर कालची तारीख. मुनीमजींचा रोजमेळ आठ दिवस जुळत नव्हता, आणि ते बिचारे आपल्याच बेरजा पुन्हापुन्हा तपासत होते. अधिकचं उणे करायला मला मिनिटही लागलं नाही. ती बिलं हाताने सरळ करण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

पुढे उबुंटू २४.०४ वर गेलात तर मात्र कोलकाताच लिहा. तिथे कलकत्ता हे नाव टीझेडडेटा-लेगसी या वेगळ्या पॅकेजमध्ये गेलंय.