बर्फात घोड्याची शेकोटी त्याच्या पोटात असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी सोलापुरात वरातीच्या घोड्यांचा धंदा आहे, नोव्हेंबरपासून मनालीच्या वरच्या अंगाला एका तबेल्यावर कामाला जाताय, तिथं बर्फ पडतो. मग घोडी थंडीत कशी सांभाळायची, झुली किती न्यायच्या, आणि घरची घोडी सोबत न्यावी का?

मीही सोलापूरचाच. सैन्यात खेचरं आणि घोडी सांभाळायच्या कामावर होतो, त्यातले दोन हिवाळे लडाखातल्या द्रासच्या बाजूला काढले. तिथं पारा रात्री उणे वीसच्या खाली उतरतो. जाताना माझ्याही डोक्यात तुमच्यासारख्या झुलीच होत्या. पहिल्या महिन्यातच कळलं की झुलीचा नंबर फार मागे आहे. आधी चारा, मग पाणी, मग कोरडी पाठ, मग वाऱ्याला आडोसा. एवढं सांभाळलं तर घोडं थंडीला भीत नाही, आपणच भितो.

एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. रात्रभर बर्फ पडला होता आणि आडोशाबाहेर उभ्या असलेल्या एका लडाखी घोड्याच्या पाठीवर चार बोटं जाड थर साचला होता. मी घाबरून झाडू घेऊन धावलो. आमच्या जुन्या उस्तादांनी हात धरला आणि माझीच बोटं त्या बर्फाखालच्या केसांत घातली. आत कातडी चांगली गरम होती. वरचा बर्फ वितळला नव्हता, कारण अंगातली ऊब बाहेर निसटतच नव्हती. पाठीवरचा बर्फ वितळून ओघळायला लागला की समजायचं, ऊब वाया चाललीय. थंडीत घोड्याचा केस ताठ उभा राहतो आणि केसाकेसात हवा अडकते, तीच त्याची रजई. ही रजई दोन गोष्टींनी मोडते. केस भिजून चिकटले की, किंवा वरून पातळ झूल टाकून आपण ते दाबले की.

आता चारा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण चुका इथंच होतात. आपल्याकडे कुणी म्हणतं थंडी आहे, चंदी (घोड्याचा दाणा) वाढवा, हरभरा वाढवा, गूळ घाला. दाण्यानं ताकद येते हे खरं, पण रात्रभर पुरणारी ऊब येते ती वैरणीतून. घोड्याचं मोठं आतडं म्हणजे आंबवणाची टाकीच आहे. वाळलेलं गवत तिथं तासन्‌तास आंबत राहतं आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून घोड्याची शेकोटी पोटात असते असं म्हणतो. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण रोज लागतेच. साडेतीनशे किलोच्या डोंगरी घोड्याला सात किलो धरा. दाट केसांचा, धडधाकट घोडा उणे आठ-दहा अंशांपर्यंत जादा खाण्याशिवाय निभावतो. त्याखाली दर अंशाला साधारण दोन टक्के खाणं वाढवावं लागतं. म्हणजे उणे वीसला सातचे साडेआठ किलो, आणि ही वाढ वैरणीतच करायची. सगळ्यात मोठा भारा रात्री शेवटचा टाका. पहाटे तीन-चारला थंडी टोकाला जाते तेव्हा पोट चालू पाहिजे. दाणा एकदम वाढवलात तर पोटशूळ नाहीतर पाय धरणं (खुरांच्या आत दाह होऊन लंगडणं), दोन्हींची भीती.

तिकडे कडबा मिळायचा नाही. डोंगरातलं वाळलेलं गवत, जवाचं काड, लसूणघास यावर भागवतात. हिवाळ्याचा साठा बर्फ पडायच्या आत भरून झालाय का, हे पोचल्या दिवशी स्वतः डोळ्यांनी बघा. बुरशी आलेला भारा कितीही जिवावर आलं तरी फेकून द्या. (जाता जाता घरच्यांसाठी: ज्वारीचा कोवळा हिरवा चारा घोड्याला घालू नये, तो बाधतो. वाळलेल्या कडब्याची गोष्ट वेगळी.)

दरवर्षी सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते, संक्रांत येते, तेव्हा मला पानिपत आठवतं. 1760 च्या ऑक्टोबर अखेरीपासून 14 जानेवारी 1761 पर्यंत आपलं सैन्य तिथं अडकून होतं. थंडी होतीच, पण रसद तुटली आणि घोडी उपासमारीनं मेली. हीच दख्खनची घोडी दोन-अडीच वर्षांपूर्वी अटकेपर्यंत जाऊन आली होती. घोड्यांत आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, पोट रिकामं असलेल्या घोड्याला साधी थंडीसुद्धा मारते.

पाण्याची गोष्ट माझ्या चुकीची आहे. लाल्या नावाचा घोडा माझ्याकडे होता. हौदावर बर्फाचं झाकण धरायचं, मी सकाळी पहारीनं फोडायचो आणि समजायचो, झालं काम. दिवसा लाल्या बर्फ चाटायचा. मला वाटलं तहान भागतेय. तिसऱ्या दिवशी त्याची लीद बघितली तर लिंबाएवढ्या कडक गोळ्या, वर चिकट पांढरा थर. संध्याकाळी त्यानं वैरण सोडली, वळून वळून कुशीकडे बघायला लागला, पुढच्या पायानं जमीन उकरायला लागला. डॉक्टरसाहेबांनी नाकातून नळी घालून पातळ पॅराफिन आणि कोमट पाणी पोटात सोडलं. आम्ही आळीपाळीनं त्याला हळूहळू फिरवत रात्र काढली. पहाटे त्यानं लीद टाकली तेव्हा आम्ही सगळे त्या लिदीभोवती उभे राहून एकमेकांच्या पाठी थोपटत होतो.

तेव्हापासून माझा नियम ठरला. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं आणि सुकी वैरण वाढली की पाण्याची गरज वाढते. पण गारठलेलं पाणी घोडं पोटभर पीत नाही, ओठ लावून मागे होतं. पाणी कोमट करून, निदान दातांना झोंबणार नाही इतपत करून, दिवसातून दोन-तीनदा समोर धरा आणि बादली किती रिकामी झाली ते बघा. बर्फ खाऊन भागत नाही. भुसभुशीत बर्फ दहा बादल्या वितळवला तर जेमतेम एक बादली पाणी होतं, आणि तो वितळवायला घोडं अंगातली ऊब खर्च करतं. रोज मूठभर, म्हणजे तीस ते पन्नास ग्रॅम मीठ द्या, तहान लागते. आणि लीद रोज बघा. मोतद्दाराला, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्याला, घोड्याची तब्येत लिदीतच दिसते.

आता झुली. मी जाताना हौसेनं घरून दोन सोलापुरी चादरी नेल्या होत्या. कामावरून आलेल्या घोड्याच्या घामेजल्या पाठीवर एक टाकली. सकाळी ती कडेनं पत्र्यासारखी कडक झाली होती आणि घोडं खाली थरथरत होतं. सूत पाणी धरून ठेवतं. आपल्या चादरीचा अभिमान मलाही आहे, पण ती घोड्याच्या ओल्या अंगावर घालायची वस्तू नाही. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते, म्हणून द्यायचीच तर घोंगडी द्या, आणि बर्फ-पाऊस असेल तर वरून पाणी न शिरणारी झूल. पण आधी पाठ कोरडी करा. काम झाल्यावर खोगीर लगेच उतरवू नका, पट्टा सैल करून पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालवा, मग गवताच्या बोळ्यानं केसांच्या उलट दिशेनं चोळा. दाट केसांच्या निरोगी घोड्याला झूल लागतच नाही. लागते ती म्हाताऱ्या, हाडकुळ्या, आजारी किंवा केस कापलेल्या जनावराला. घातलीत तर रोज काढून बघा, खांद्याला आणि छातीला ती घासते आणि आत ओल धरते.

तबेला गच्च बंद करू नका. दार-खिडक्या लावल्या की मुताचा वास कोंडतो, तोच छातीत जातो आणि खोकला सुरू होतो. डोळ्यांना झोंबलं की समजा हवा खेळत नाही. वाऱ्याकडे पाठ केलेली तीन भिंतींची छपरी आणि खाली कोरडं काड, एवढं त्याला पुरतं.

खुरांत बर्फ गच्च बसतो. नालेच्या लोखंडाभोवती त्याचा गोळा होतो आणि घोडं उंच टाचांवर चालल्यासारखं डगमगतं, मग मुरगळतं. काम नसेल तर नाल काढून ठेवतात. काम असेल तर नालेला बर्फावर पकड घेणारे खिळे मारायला नालबंदाला सांगा आणि निघण्याआधी तळाला व्हॅसलीन चोळा. कडियाळं (लगामाचं तोंडातलं लोखंड) तोंडात घालण्याआधी तळहातात धरून गरम करा. गोठलेलं लोखंड जिभेला चिकटतं.

दाट केसांमुळे घोडं लांबून गुबगुबीत दिसतं. त्यावर जाऊ नका. दर आठवड्याला हातमोजा काढून बोटं केसांत घाला आणि बरगड्या चाचपा. दहा दिवसांत बरगडी वर आली असेल तर थंडी पडायची वाट न बघता वैरण वाढवा, आणि दात बघून घ्या. म्हातारं घोडं चावता येत नाही म्हणूनच वाळतं.

राहिला घरच्या घोडीचा प्रश्न. नोव्हेंबरात नेऊ नका, कळकळीनं सांगतो. हिवाळी केस मुख्यतः दिवस लहान होण्याच्या हिशोबानं येतो आणि थंडी लागत गेली तसा दाटतो. त्याला महिने लागतात. सोलापुरात रात्री बारा-पंधरा अंश असतात, तिच्या अंगावर गुळगुळीत आखूड केसच असणार. अशा घोडीला पाच अंशांच्या आसपासच थंडी बाधायला लागते, तिला तुम्ही थेट बर्फात उभी कराल. शिवाय वरातीसाठी केस कापत असाल तर आणखीच वाईट. पुढच्या मे महिन्यात न्या, म्हणजे उन्हाळा-पावसाळा तिथं काढून शरदात तिचा केस तिथल्या हवेत उगवेल. निघण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात ग्लँडर्सची (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाची) रक्ततपासणी करून दाखला घ्या आणि पहिला हिवाळा तिला हलकंच काम द्या. तोवर तिला सोलापुरातच ठेवा. आपल्याकडच्या थंडीत निरोगी, कोरड्या घोडीला रात्री झूल लागत नाही, हेही घरी सांगून जा. शिंगरू किंवा म्हातारी घोडी असेल तेवढ्यांनाच घाला.