एमआरआय चांगला, मग हे असे का वागतात?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. पती ४६ वर्षांचे, किराणा दुकानदार. मेंदूच्या पुढच्या भागातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) संपले, एमआरआयही चांगला आला. पण आता ते एक तर मुलीवर खेकसतात, नाहीतर दिवसभर गप्प बसून राहतात. सासूबाई त्यांना दुकानाची पायरी चढू देत नाहीत. ‘मला त्यांचा राग येतो आणि मग माझीच मला लाज वाटते,’ असं त्या लिहितात.

ताई, राग येणारच. लाज कसली त्यात?

फिटसाठी लेव्हेटिरासिटाम चालू आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. काही जणांची या गोळीने विलक्षण चिडचिड होते. सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात, त्यानेही झोप उडते, मन थाऱ्यावर राहत नाही. त्यात गाठ पुढच्या भागातली. राग आवरणं आणि आपणहून कामाला लागणं, दोन्ही तिथूनच चालतं. म्हणजे त्यांचं गप्प बसणं हा आळस नव्हे. शेकानंतरचा थकवाही महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो.

हे डॉक्टरांच्या कानावर घातलंत का? बहुधा नाही. ओपीडीत फाइल दाखवायची, ‘छान आहे’ ऐकायचं आणि एसटी गाठायची, असंच होतं. या वेळी वहीत लिहून न्या: गोळी किती वाजता, भडका कधी, झोप किती. गोळी किंवा डोस बदलता येतो. मात्र स्वतःहून काहीही बंद करू नका. फिटची गोळी एकदम थांबवली तर मोठी फिट येऊ शकते. डोकेदुखी वाढली, उलट्या किंवा गुंगी सुरू झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

दुकानाच्या बाबतीत मी सासूबाईंच्या विरोधात आहे. मोटरसायकल नको, शिडी नको, हे खरंच. पण सकाळी गर्दी नसताना तासभर गल्ल्यावर बसायला काय हरकत आहे? दीर शेजारी असू देत, हिशेब मात्र यांनीच करावा. चुकला तर दहा-वीस रुपये जातील.

मुलीला खरं ते सांगा: बाबांच्या रागाचा ब्रेक सैल झालाय, तुझं काही चुकलेलं नाही.

परळच्या टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिनचा, म्हणजे आजारातला त्रास हलका करणाऱ्या उपचारांचा विभाग आहे. नाव ऐकून घाबरू नका, तिथे फक्त शेवटच्या दिवसांतले रुग्ण जात नाहीत. झोप, थकवा, चिडचिड यांवरही तिथे इलाज होतो, आणि तुमच्याशीही बोलतात. पुढच्या खेपेला तुमच्या डॉक्टरांकडून अशा विभागासाठी चिठ्ठी मागून घ्या.