डोळ्यांत लेन्स, बोटांना जिरावण

प्रश्न : ताई, दोन्ही डोळ्यांचा माझा नंबर उणे साडेचार आहे. मे महिन्यात लग्न आहे म्हणून महिन्याने बदलायच्या सॉफ्ट लेन्स घेतल्या. दुकानात त्यांनी घालून दिल्या, घरी मात्र आरशासमोर अर्धा अर्धा तास जातो आणि डोळे लाल होतात. आई म्हणते, लेन्स डोळ्यामागे जाईल. मामेबहीण म्हणते, लेन्स धुवायचं सोल्युशन संपलं तर फिल्टरचं पाणी चालतं आणि दुपारी लेन्स घालून झोपलं तरी काही होत नाही. त्यात रंगपंचमीला सगळे राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला निघालेत. काय करू?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आधी आईंचा जीव भांड्यात पडू दे. पापणीची आतली बाजू आणि डोळ्याचं पांढरं यांवरचा पातळ पडदा सलग असतो, त्यामुळे मागे जायला वाटच नाही. फार तर लेन्स वरच्या पापणीखाली जाऊन बसेल. लेन्सवर चालणाऱ्या ड्रॉपचे दोन थेंब टाकून, खाली बघत पापणीवरून अलगद बोट फिरवलं की येते खाली.

आता मामेबहिणीकडे वळते, कारण माझा राग तिच्यावर आहे. आपल्या इंदूरच्या नळाला ७० किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदा येते. तिला हात जोडावेत, पण लेन्स तिच्यात बुडवू नये. नळाच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरला, तर महिनोन् महिने औषध घालावं लागतं आणि नजरेवर डाग राहू शकतो. घरचा फिल्टर, बाटलीचं पाणी, उकळून गार केलेलं पाणी, थुंकी, काही म्हणजे काही चालत नाही. सोल्युशन संपलं? चष्मा लाव. लग्न ठरलेल्या मुलींना चष्मा लावायचा नसतो हे मला ठाऊक आहे, तरीही लाव.

झोपेचंही तसंच. त्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू मुख्यतः हवेतूनच घेतो. वर लेन्स आणि त्यावर मिटलेली पापणी, म्हणजे त्याची दोन्हीकडून कोंडी. लेन्स घालून झोपणाऱ्यांत जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. जेवणानंतरची अर्ध्या तासाची डुलकीही त्यात आली.

घालण्याचं म्हणशील तर तुझा अर्धा तास बहुतेक ओल्या बोटात जातोय. लेन्स जिथे जास्त ओल तिथे चिकटते. बोट ओलं असेल तर ती बोटच सोडत नाही, आणि तू ती डोळ्यावर दाबत बसतेस. साबणाने हात धू, धागे न सुटणाऱ्या रुमालाने कोरडे कर. मी नवीन लेन्सवाल्यांना आधी नखं दाखवायला लावते, तुझीही कापून ये. बेसिनच्या भोकावर झाकण किंवा टॉवेल टाक. लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवून बाजूने बघ: कडा सरळ वर गेल्या तर वाटी सुलटी, बाहेर फाकल्या तर उलटी. दुसऱ्या हाताने वरची पापणी अगदी केसांच्या मुळाशी धरून कपाळाकडे ओढ. तिथेच चुकतं सगळ्यांचं. पापणी मधे धरली की डोळा मिटतोच. लेन्सच्याच हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढ, वर बघ, लेन्स पांढऱ्यावर टेकव, मग हळूच खाली बघून डोळा मीट. रोज उजव्यापासूनच सुरू कर, म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल होत नाही. एका डोळ्याला दोन-तीनदा नाही जमलं तर थांब, डोळ्याला विसावा दे.

काढताना घाई नडते. वर बघून लेन्स खाली पांढऱ्यावर सरकव आणि दोन बोटांच्या पेरांनी चिमटीत घे, नखांनी नाही. आणि हो, पोहे आणि त्यावरचा जिरावण मसाला खाऊन उठलेल्या बोटांनी डोळ्याला हात लावलास तर अख्ख्या सराफा बाजाराला तुझी किंकाळी ऐकू जाईल. काढलेली लेन्स तळहातावर सोल्युशनमध्ये बोटाने चोळ, बाटलीवर ‘चोळायची गरज नाही’ असं छापलेलं असलं तरी. डबीत कालचं सोल्युशन ओतून टाकून ताजं भर, उरलेल्यात भर घालू नकोस. सकाळी डबी सोल्युशननेच खळबळून उपडी वाळव आणि ३ महिन्यांनी नवी घे.

तू लिहिलं नाहीस, पण विचारते: लेन्सचा नंबर वेगळा काढला होता ना? चष्मा डोळ्यापासून जरा लांब असतो, म्हणून चष्म्याचा उणे साडेचार असेल तर लेन्सचा साधारण उणे सव्वाचार येतो. चष्म्याचा कागद बघून परस्पर मागवलेल्या लेन्सने डोकं दुखतं.

गेरला चष्माच. टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, चार-चार मजले गुलाल जातो. लेन्सखाली अडकलेला कण रात्रभर डोळा खरवडतो. जुना चष्मा असेल तर तो घाल, नवा रंगेल.

लग्नाच्या दिवसासाठी एकदाच वापरून फेकायच्या लेन्सचे दोन-तीन जोड ठेव. होमाच्या धुराने चुरचुरलं तर काढून टाकता येतात. मेकअपच्या आधी लेन्स, आणि रात्री मेकअप पुसण्याच्या आधी लेन्स बाहेर. काजळ पापणीच्या आत नको, बाहेरून रेघ ओढ.

डोळा दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसलं किंवा लेन्स काढूनही लाली उतरली नाही, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, लेन्स आणि डबी सोबत ने. मेडिकलवाल्याकडून ड्रॉप घेऊ नकोस. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली जाते आणि जंतू आत आरामात वाढतो.

प्रश्न : वय ४८. चाळिशी लागली आहे आणि दूरचाही नंबर आहे. लेन्स चालतील का? रोज सकाळी पोहतो.
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : चालतील. दूर-जवळ दोन्हीच्या मल्टिफोकल लेन्स मिळतात, किंवा एका डोळ्याला दूरची आणि दुसऱ्याला जवळची देतात. सरावायला थोडे दिवस लागतात. या वयात डोळे कोरडे पडू लागतात, तेवढं आधी तपासून घ्या. पोहताना मात्र लेन्स काढायच्या, तलावात कितीही क्लोरीन असो. नंबरचे पोहण्याचे गॉगल मिळतात, ते करून घ्या.